फाटकावरचा डोंगर

पोरीचं कागदोपत्री नाव वेगळंच होतं, पण घरात सगळे तिला भिंगरी म्हणायचे, आणि ते नाव खरं करून दाखवायचं तिने मनावर घेतलं होतं. चौदाव्या महिन्यात तिला जगात दोनच गोष्टींत रस उरला होता. एक, जिना. दुसरी, जिन्याकडे निघताना आपल्याकडे कोणी बघत नाही ना, याची खात्री.

जिना हा घराचा एक भाग असतो, असं आपण समजतो. इथे घर हाच जिन्याचा एक भाग होता. खाली रस्त्यावर नुसतं दार. ते उघडलं की लगेच पायऱ्या, बाराव्या पायरीला वळण, आणखी चार पायऱ्या, आणि मग एकदम बैठकीची खोली. मधे दार नाही, पडदा नाही. शेवटची पायरी संपते तिथेच सतरंजी सुरू. घर बघायला आले तेव्हा भिंगरीच्या बाबांना ही रचना हवेशीर वाटली होती. तिच्या आईलाही वाटली होती, पण तेव्हा ती कोणाची आई नव्हती.

आता तिची रजा संपायला एकवीस दिवस उरले होते. मग दिवसभर भिंगरी आजीकडे. आजींचे गुडघे आणि भिंगरीचा वेग, हे गणित मांडायला काही पदवी लागत नव्हती. जिन्याच्या तोंडाशी फाटक बसल्याशिवाय आपण घराबाहेर पाऊल टाकणार नाही, असं भिंगरीच्या आईने घरात जाहीर केलं. रजा आणखी एक दिवसही वाढणार नाही, असं कचेरीने पत्राने जाहीर केलं. दोन्ही बाजू आपापल्या जागी ठाम होत्या आणि मधे तो सोळा पायऱ्यांचा जिना होता.

फाटक बाजारात मिळतं, हे तिलाही ठाऊक होतं. तिने ते आणूनही पाहिलं. पण जिन्याच्या डोक्याशी एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला जो लाकडी खांब होता, त्याला मधोमध चांगलं पोट सुटलेलं होतं. सरळ फाटक त्या पोटाला टेकायचं, आणि वर-खाली फट राहायची. फट कितीची? तर भिंगरीचं डोकं आत जाईल पण बाहेर येणार नाही, इतकीची. हे तिने टेपने मोजून काढलं होतं. डोकंसुद्धा. फाटक परत गेलं.

बातमी फुटल्यावर सल्ले यायला वेळ लागला नाही.

"माझी चारही पोरं जिन्यावरून पडली," समोरच्या काकू म्हणाल्या, "काही म्हणता काही झालं नाही. एक तर डॉक्टर आहे."

"आणि बाकीचे तीन?"

"ते फोन करत नाहीत," काकू म्हणाल्या आणि विषय बदलला.

शेजारचे काका पूल तपासण्याच्या खात्यातून निवृत्त झाले होते. त्यांनी लोखंडी फाटकाचं चित्रच काढून आणलं. आठ टन भार सोसेल असं.

"काका, ती साडेनऊ किलोची आहे."

"आज आहे," काका म्हणाले.

सासूबाईंचा उपाय सगळ्यांत स्वस्त होता. "हा लहान होता तेव्हा मी याला लांब दुपट्याने पलंगाच्या पायाला बांधून ठेवायची. बघ, काही बिघडलं का?" दोघींनी त्याच्याकडे पाहिलं. भिंगरीचे बाबा चष्मा शोधत होते आणि चष्मा त्यांच्या कपाळावर होता. सूनबाईंचा फाटकाचा निश्चय तिथे पक्का झाला.

नवरा तसा उपयोगी पडायचा, फक्त कधी पडेल ते सांगता यायचं नाही. त्यानेच वाचनालयातून बातमी आणली की तिथल्या तळघरात नागरिकांसाठी कार्यशाळा उघडली आहे, आणि तिथे एक कोरायचं मशीन आहे. "आपण कॉम्प्युटरवर चित्र काढून द्यायचं, ते लाकडात जसंच्या तसं कापून देतं. हवा तसा बाक, हवं तसं वळण."

"जसंच्या तसं?"

"शंभर टक्के. आपण जे काढू तेच."

हे वाक्य त्या वेळी तिला आश्वासन वाटलं.

चित्र काढायचं सॉफ्टवेअर फुकट होतं, आणि फुकट वस्तूंच्या रीतीप्रमाणे ते शिकताना माणसाचा पूर्ण मोबदला वसूल करत होतं. भिंगरी दुपारी चाळीस मिनिटं झोपायची. त्या चाळीस मिनिटांत तिची आई लॅपटॉप उघडून वळणदार रेषा काढायला शिकू लागली. सरळ रेषा सोपी. इथून तिथे, झालं. वळणदार रेषेला मात्र जागोजागी ठिपके असतात, आणि प्रत्येक ठिपक्याला दोन मिशा. डावी मिशी ओढली की रेषा उजवीकडे फुगते, उजवी ओढली की भलतीकडेच कंबर लचकते, आणि दोन्ही मिशा एका वेळी पकडाव्यात तर ठिपकाच मेला हातातून निसटतो. पहिल्या दिवशी तिने खांबाच्या पोटाची रेषा काढायला घेतली आणि चाळीस मिनिटांनी पडद्यावर एक बटाटा होता. तिसऱ्या दिवशी बटाट्याला मान आली. पाचव्या दिवशी मात्र रेषा अशी काही सुरेख वळली, की भिंगरी उठून रडायला लागली तरी ती दोन सेकंद रेषेकडेच बघत राहिली. नंतर त्या दोन सेकंदांबद्दल तिने स्वतःला बरंच सुनावलं.

मापं घ्यायचं काम भिंगरी जागी असतानाच करावं लागे, कारण झोपेची वेळ मिशांना दिलेली. मग भिंगरी वरती सतरंजीच्या काठावर आणि तिची आई वरून तिसऱ्या पायरीवर, एका हातात टेप, दुसरा हात झेलायला पसरलेला, दातांत पेन्सिल. खांबाचं पोट दर दोन बोटांवर मोजलं. भिंतीचा कल मोजला. बत्तीस आकडे झाले. शेजारचे काकासुद्धा म्हणाले की पुलाला आम्ही इतकी मापं घेत नव्हतो, आणि मग कोणत्या पुलाला ते सांगायचं त्यांनी टाळलं.

इथवर सगळं शहाणपणाचं होतं. फाटक म्हणजे एक जाड फळी, एक कड खांबाच्या पोटाला मिठी मारणारी, दुसरी सरळ, वरची कड गुळगुळीत. पण माणसाच्या हातात कला आली की त्याला गप्प बसवत नाही. भिंगरीच्या आईची पदवी भूगोलाची, आणि नोकरी नकाशांच्या कचेरीत. इतरांनी काढलेल्या नकाशांतल्या चुका लाल शाईने दाखवायची. तिच्या लाल शाईला तिथे सगळे वचकून असत. तेव्हा कोऱ्या फळीकडे बघून तिच्या मनात आलं, की लेकीला रोज दिसणार आहे, तर त्यावर काहीतरी असावं. आणि नकाशावाल्याला जे सुचायचं तेच सुचलं. एक डोंगर. समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या त्या वाकड्यातिकड्या रेषा नकाशात असतात ना, तसा, एकावर एक थर रचत गेलेला. पायथ्याशी रुंद थर, वर निमुळते. मिशांवर आता तिचा हात बसला होता. सात थर तिने तीन दुपारींत काढले.

"झकास," नवरा म्हणाला. मग थोडा विचार करून, "पण फाटक आहे ना हे अजून?"

वाचनालयाच्या तळघरात मशीनच्या आधी एक खिडकी होती आणि खिडकीत एक बाई. त्यांनी अर्ज पुढे सरकवला. कामाचा हेतू: शैक्षणिक, औद्योगिक, कलात्मक. एकावर खूण करा.

"घरगुती नाही का?"

"तीनच आहेत."

"मुलीच्या सुरक्षिततेसाठी फाटक आहे हो. जिन्याला."

बाईंनी अर्ज स्वतःकडे वळवून पुन्हा वाचला, जणू रात्रीतून चौथा चौकोन उगवला असेल. "शैक्षणिकला मुख्याध्यापकांचं पत्र लागतं. औद्योगिकला परवाना. कलात्मकला नुसती सही."

तिने सही केली. माणूस किती विश्वासाने सही करतो, आणि सहीच्या वरचा बारीक मजकूर किती शांतपणे पडून असतो, यावर कोणीतरी लिहायला हवं.

मशीन सांभाळणारे मिस्त्री जुने सुतार होते. "तीस वर्षं पटाशी चालवली," ते म्हणाले, "आता मशीन चालवतो. म्हणजे ते चालतं, मी बघतो." त्यांनी फळी घट्ट बांधली, फाइल चढवली, बटण दाबलं. मशीन खाली आलं, फळीच्या एका कोपऱ्यात घुर्रर्र करून मिनिटभर घुटमळलं आणि उठून जागेवर जाऊन बसलं.

"झालं," मिस्त्री म्हणाले.

भल्यामोठ्या फळीच्या कोपऱ्यात पत्त्याच्या पानाएवढं फाटक कोरलेलं होतं. बारीक, नेटकं, खांबाच्या पोटासकट. सत्तर सेंटिमीटरच्या जागी तिने सत्तर मिलिमीटर काढलं होतं. लाल शाईने दुसऱ्यांचे नकाशे तपासणाऱ्या बाईने प्रमाणात चूक करावी, ही गोष्ट तिने त्या क्षणीच कचेरीत कोणालाही न सांगायचं ठरवलं.

"छान आलंय पण," मिस्त्री हळुवारपणे म्हणाले. "मुंगी अडेल."

खिडकीतल्या बाईंच्या मते मात्र काम पूर्ण झालं होतं. एका अर्जावर एक काम. वस्तू मिळाली, सही करा. लहान-मोठं बघायचं काम खिडकीचं नाही. दुसरा अर्ज, दुसरी तारीख. तारीख मिळाली तीन दिवसांनंतरची, आणि ते तीन दिवस भिंगरीची आई जिन्याच्या तोंडाशी खुर्ची आडवी टाकून तीवर बसून होती. भिंगरी खुर्चीखालून जायला शिकली.

दुसऱ्या खेपेला सगळं मापात आलं. पावणेदोन तास मशीन फळीवर फिरत होतं आणि थरामागून थर उघडा पडत डोंगर वर येत होता. मिस्त्री बघत राहिले. मग त्यांनी अंगठा एका थरावरून फिरवला. प्रत्येक थर अर्ध्या बोटाएवढा पुढे आलेला.

"पायऱ्या पायऱ्या झाल्यात, ताई."

"त्यांना समोच्च रेषा म्हणतात."

"बरं," मिस्त्री म्हणाले.

आणि ती फाटक उचलायला वाकली तेव्हा खिडकीतून आवाज आला. आजपासून प्रदर्शन आहे, कलात्मक वस्तू आठ दिवस त्यात राहील. सहीच्या वर बारीक अक्षरांत लिहिलंय. सही तुमचीच आहे ना?

तिने हात जोडले. पुढच्या सोमवारी कामावर हजर व्हायचंय, पोरगी चौदा महिन्यांची आहे, जिना सोळा पायऱ्यांचा आहे. बाईंचा चेहरा खरंच हळहळला. "मलाही दोन आहेत," त्या म्हणाल्या, "पण नोंद झाली." प्रदर्शन शनिवारी संध्याकाळी संपत होतं. म्हणजे बसवायला रविवार. एक रविवार. तिने बोटांवर मोजलं; बोटं उरली, दिवस नाही.

तर फाटक वाचनालयाच्या दालनात गेलं. एका लाकडी घुबडाच्या आणि चमच्यासारख्या दिसणाऱ्या कशाच्या तरी मधे, दोन ठोकळ्यांत नीट उभं करून ठेवलेलं. खाली पाटी होती: 'डोंगर. लाकूड.' फाटकाचा उल्लेख नव्हता. शुक्रवारी ती घरच्यांना घेऊन बघायला गेली. चारचौघं थांबून बघत होती. एक गृहस्थ शेजारच्याला सांगत होते, की हे आईपणाच्या चढणीचं प्रतीक आहे. ती मागे उभी राहून ऐकत होती. खोटं कशाला बोला, तिला बरं वाटत होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिचं लक्ष भिंगरीवर नव्हतं.

भिंगरी आजीच्या हातातून सुटली, पाटीजवळ गेली, तिने डोंगराकडे पाहिलं आणि वरची कड दोन्ही हातांनी धरली. मग उजवा पाय पहिल्या थरावर. डावा दुसऱ्यावर. इवल्या बोटांना तो अर्ध्या बोटाचा थर जणू मापाने शिवला होता. तिसऱ्या थरावर तिने एकदा मागे वळून पाहिलं, कोणी बघतंय का म्हणून. सगळं दालन बघत होतं. पाचव्या थरावर तिचं पोट फाटकाच्या वर आलं आणि पलीकडे डोकं झुकलं, तेव्हा तिची आई तीन माणसं आणि एक घुबड ओलांडून पोचली आणि तिने पोरीचा फ्रॉक मागून धरला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या गृहस्थांनी प्रतीक आणखी स्पष्ट करून सांगितलं.

भिंगरीची आई तिथेच बाकावर बसली. पोरीला जिन्यापासून वाचवायला म्हणून फाटक केलं, आणि त्या फाटकावर तिने स्वतःच्या हाताने, दुपारची झोप मोडून, मिशा ओढून ओढून, सात पायऱ्यांचा जिना कोरला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पूर्वी भिंगरी जिन्यावरून पडली असती. आता ती फाटकावरून जिन्यावर पडणार होती.

"घासून काढू," नवरा म्हणाला. "रंधा मारू."

सात थर रंधा मारून एका रविवारी जात नाहीत, हे मिस्त्रींनी फोनवर सांगितलं. मशीनची पुढची तारीख महिन्यानंतरची होती.

शनिवारी संध्याकाळी फाटक घरी आलं. ती रात्रभर मनात कचेरीला पत्रं लिहीत राहिली: महोदय, कौटुंबिक कारणास्तव. नोकरी सुटली तर सुटली. पण भूगोलाच्या सगळ्या वर्षांचं, त्या लाल शाईचं, सकाळी नऊला नीट विंचरलेल्या केसांनी बसमध्ये बसण्याचं काय, हे त्या पत्रांत कुठेच बसत नव्हतं.

रविवारी सकाळी नवऱ्याने तरीही फाटक उचललं. "निदान बसवून तर बघू. आई आणि मी लक्ष ठेवू." त्याने डोंगर खोलीकडे करून ते जिन्याच्या तोंडाशी उभं केलं.

ते बसेना.

पोटाला मिठी मारणारी कड भिंतीला लागली होती आणि भिंतीची सरळ कड खांबाच्या पोटात खुपसली होती. दोन्हीकडे फटी, बाजारच्या फाटकालाही लाजवतील अशा. तिने बत्तीस आकड्यांचा कागद आणला, एकदा वाचला, दुसऱ्यांदा वाचला. आकडे सगळे बरोबर होते. मग ती सवयीने तिसऱ्या पायरीवर जाऊन उभी राहिली, वर तोंड करून, आणि तिला दिसलं. इथून खांब उजव्या हाताला होता. वरून, खोलीतून, तो डाव्या हाताला होता. सगळी मापं तिने इथून घेतली होती, पोरगी वरून पडली तर झेलायला म्हणून. आणि डोंगर काढला होता खोलीतून बघणाऱ्यासाठी. पंधरा दिवसांत डावं-उजवं एकदाही तपासलं नव्हतं. दुसऱ्या कोणी असा नकाशा आणून दिला असता तर तिने त्या माणसाला खुर्चीसुद्धा दिली नसती.

ती पायरीवर मटकन बसली. "उलटं झालंय," ती म्हणाली. "आरशातलं."

खांबाचं पोट तेवढं समाधानाने पुढे आलेलं होतं.

"मग उलटं धरा की," सासूबाई म्हणाल्या. "उलट्या मोज्याचं काय करतो आपण?"

नवऱ्याने फाटक फिरवलं. डोंगर जिन्याकडे गेला. कड खांबाच्या पोटाशी आली, आणि अशी अलगद मिठीत बसली की मधे कागदही जाईना. भिंतीची बाजू भिंतीला. बत्तीसच्या बत्तीस आकडे आपापल्या जागी. तिने पायरीवरून डोंगराकडे पाहिलं. देखणा दिसत होता. येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल, लेकीला नाही, एवढंच तिच्या मनात आलं. तिच्या डोक्यात अजून पुढचं शिरलं नव्हतं.

पुढचं भिंगरीला आधी कळलं. ती फाटकाशी आली. तिच्या बाजूला फळीची पाठ होती: सपाट, गुळगुळीत, मिस्त्रींनी आपण होऊन पॉलिश पेपर मारलेली. तिने वरची कड धरली. उजवा पाय उचलला, टेकवला. पाय घसरून खाली आला. डावा टेकवला. तोही आला. तिने पुन्हा एकदा, दोन्ही पाय एकामागोमाग लावून पाहिले, आणि सुळकन खाली येऊन बुडावर बसली. मग तिने घरातल्या मोठ्या माणसांकडे एकेक करून पाहिलं, कार्यालयात अर्ज नाकारलेला माणूस बघतो तसं.

तिच्या आईचा जीव भांड्यात पडला. तो इतके दिवस कुठे कुठे लटकला होता ते पडल्यावर कळलं. डोंगर बरोबर बाजूला आला असता, तर पोरगी आज ना उद्या चढून गेलीच असती. आईने चुकीचा डोंगर कोरला, आणि तो चुकीच्या बाजूला कोरला, म्हणून फाटक बरोबर झालं. आयुष्यभर एकेक चूक हुडकून लाल शाईने दाखवणाऱ्या बाईला हे पचायला जड होतं. ती जिन्यावर बसून हसायला लागली. हसता हसता डोळे पुसले, आणि पुन्हा हसली. सासूबाईंनी काळजीने विचारलं, "पाणी देऊ का गं?"

दुपारपर्यंत बिजागऱ्या बसल्या. खिटी बाहेरच्या बाजूने, उंचावर. काकांनी येऊन फाटकाला टेकून पाहिलं, वाकून पाहिलं, आणि आठ टनांचा आग्रह सोडला. काकू म्हणाल्या, डोंगर चांगलाय, पण आमच्या वेळी याशिवायही चालायचं.

सोमवारी साडेदहापर्यंत तिने कचेरीतून घरी पाच फोन केले. पहिल्याला सासूबाई म्हणाल्या, ठीक आहे. दुसऱ्याला म्हणाल्या, अगं ठीक आहे. पाचव्याला त्यांनी रिसीव्हर भिंगरीच्या दिशेने धरला. तळव्यांनी लाकूड बडवल्याचा आवाज आला, मग पाय घसरल्याचा, मग थोडी शांतता, मग पुन्हा बडवल्याचा.

"ऐकलंस? अशीच चाललीय सकाळपासून," सासूबाई म्हणाल्या. "मी शेंगा सोलत बसलेय. आता ती दमली की झोपेल, मग मीही पडेन. तू फोन करून आम्हाला उठवू नकोस."

तिने फोन ठेवला. समोर तपासायला आलेल्या नकाशांचा गठ्ठा होता, आणि तो आणणारा माणूस टेबलाशी उभा होता. वरच्याच नकाशात कोणीतरी नदी डोंगरावर चढवली होती. तिने लाल पेनचं टोपण काढलं, नदीकडे पाहिलं, टोपण परत लावलं, आणि नकाशा आणणाऱ्या माणसाला बसायला खुर्ची दिली.